मोजणाऱ्यानं उभं राहायचं नाही

मागच्या रविवारी आमच्या बिल्डिंगची वार्षिक मिटिंग झाली. शेवटी 'आयत्या वेळचे विषय' असतात, तेव्हा मी उठलो आणि म्हणालो, "चार वर्षांपूर्वी कुलकर्णीकाका गच्चीवर पडले. तीस बैठकांचा आकडा उस्तादांनी दिलेला नव्हता. तो माझा होता. मी खोटं बोललो." मग दुसऱ्या मजल्यावरचे शहा म्हणाले, "जाऊ द्या हो सर, किती जुनं काढताय," आणि चर्चा पार्किंगवर आली. कबुली द्यायला चार वर्षं लावली की असं होतं. ती कुणालाच नको असते. म्हणून आता लिहून ठेवतो आहे.

उस्ताद म्हणजे आमचे वॉचमन. नाव बिराप्पा. जत तालुक्यातल्या, पार कर्नाटकाच्या अंगाला असलेल्या एका गावचे. घराणं मेंढरं राखणारं. बिराप्पा फौजेत गेले आणि तिथं जवानांना पीटी शिकवायचं काम त्यांच्याकडे आलं. फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. निवृत्त होऊन, हवालदाराची पेन्शन घेऊन ते सांगलीला आमच्या फाटकावर आले, तेव्हा अंगावर खाकी कपडे एजन्सीचे होते, पण इस्त्रीची घडी फौजेतली होती. बुटका, काळासावळा, कानाजवळ पांढरा झालेला माणूस. चालताना पावलांचा आवाज येत नसे. केबिनमध्ये त्यांच्यासाठी एक प्लास्टिकची खुर्ची ठेवली होती. तिच्यावर त्यांना टेकलेलं मी फारसं पाहिलं नाही. एकदा विचारलं तर म्हणाले, "सर, ती बसायची न्हाई. ती उठायची हाय."

मी कॉलेजात इतिहास शिकवतो. म्हणजे आयुष्यभर उभं राहून बोलायचं आणि बसलेल्यांनी लिहून घ्यायचं. माझा धंदाच असा, हे पुढे लक्षात ठेवावं लागेल. पन्नाशीला डॉक्टरांनी शुगर काढली आणि व्यायाम करा म्हणाले. कोपऱ्यावरच्या जिममध्ये गेलो, तर तिथली सगळी पोरं माझेच विद्यार्थी निघाली. "सर, या ना, जपून" म्हणत त्यांनी मला एका मशीनवर असं काही अलगद बसवलं की परत त्या रस्त्यानं जाणं सोडलं. मग दोन डंबेल्स आणली. ती महिनाभरात बाल्कनीचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून दाराशी लावली गेली.

एकदा पार्सल द्यायला उस्ताद वर आले आणि त्यांना ती दिसली. खाली वाकून त्यांनी एक उचललं, परत ठेवलं.

"लोखंड आणलंय व्हय?"

"आणलंय. होत नाही."

"आवं सर, आपलंच वजान आपल्याला झेपंना, आन् दुसरं कशाला इकत आणायचं?"

मग त्यांनी मला फरशीवर मांडी घालून बसायला लावलं आणि म्हणाले, उठा. मी उठलो. म्हणजे आधी डावा हात टेकला, मग उजवा, मग सोफ्याचा आधार घेतला, मग उठलो. उस्तादांनी कधी कुणाचं वय विचारलं नाही. त्यांची मोजपट्टी ही होती. "हात टेकला म्हंजी म्हातारा," ते म्हणाले. "तुमी दोन टेकलं." माझी बायको आतून खदखदून हसली. त्या हसण्यामुळे असेल, दुसऱ्या दिवशी सकाळी मी गच्चीवर गेलो.

गच्चीवर काहीच नव्हतं. पाण्याची टाकी, कपड्यांच्या दोऱ्या आणि कठडा. उस्तादांना तेवढं पुष्कळ होतं. ड्यूटी बदलायच्या आधीचा अर्धा तास ते आम्हाला देत. भिंतीला हात लावून जोर, पायरीवर चढ-उतर, खुर्चीवरून उठ-बस, पंच्याची दोन टोकं धरून ओढायचं. गुडघा धरून कुणी आलं की त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून पाहुण्याची चौकशी करावी तसं विचारायचे, "काय म्हणतोय ह्यो आज?" आणि खरंच उत्तराची वाट बघायचे. शिंदेवहिनी म्हणाल्या, मला वेळ नाही. तर त्यांना सांगितलं, कुकरची शिट्टी वाजली की टाचा उचला, थांबली की सोडा. पुढे महिनाभर बिल्डिंगमध्ये कुठूनही शिट्टी वाजली की जिन्यातल्या दोघी-तिघींच्या टाचा आपोआप उचलल्या जायच्या.

टाकीच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा होत्या. त्या कुलकर्णीकाकांच्या. काका बहात्तरचे, बँकेतून निवृत्त झालेले, काकू गेल्यापासून घराबाहेर न पडणारे. पहिल्या दिवशी त्यांनी छातीच्या उंचीवर भिंतीला हात लावून जोर मारला. तिथं उस्तादांनी रेघ ओढली. जसजसं जमेल तसा हात वीतभर खाली, आणि नवी रेघ. वर्षभरात रेघ कमरेच्याही खाली आली. काका येणाऱ्या-जाणाऱ्याला ती भिंत दाखवायचे. आपण पन्नास वर्षांत एवढं खाली कधी आलो नव्हतो, असं म्हणून स्वतःच हसायचे.

उस्तादांचा नियम एकच होता. मोजणाऱ्यानं उभं राहायचं नाही. जो आकडे म्हणेल त्यानं सगळ्यांबरोबर बैठक मारायची. एकदा मी विचारलं, "फौजेत तर उस्ताद शिट्टी घेऊन उभा असतो ना?"

"आसतो. मी न्हवतो," ते म्हणाले. "उभ्या माणसाला काय कळतंय दुसऱ्याचं? मोजणाऱ्याचा दम फुलला की समजायचं, आता बास. त्याचा दम म्हंजी सगळ्यांचा दम." आणि मग, अगदी साध्या आवाजात, "माझ्या मोजणीत आजवर कुणी पडला न्हाई, सर. लडाखात बी न्हाई."

पदकं होती का, कुठं लढलात, हे आम्ही विचारलं तर ते विषय बदलत. पण हे वाक्य ते न विचारता सांगत. बाकी कशाचा म्हणून अभिमान त्या माणसाला नव्हता.

गावच्या जत्रेसाठी ते दोन दिवसांच्या रजेवर निघाले, तेव्हा फाटकाशी मला थांबवून म्हणाले, "सकाळचं बंद ठिवू नका. तुमी घ्या. बैठका पंधराच्या वर न्हाई. काकांना धाच. आन् तुमी बी मारायच्या, बरं का." मी हो म्हणालो. त्या वेळी तिथं आम्ही दोघंच होतो.

पहिला दिवस मी नियमानं काढला. पंधरा बैठकांत माझी दमछाक झाली. आकडे म्हणताना मी कुत्र्यासारखा धापा टाकत होतो, ते शिंदेवहिनींनी घरी जाऊन हसत सांगितलेलं माझ्या कानावर आलं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. गच्चीवर नेहमीपेक्षा जास्त लोक होते, शहांचे पुण्याचे पाहुणे बघायला आले होते. मी पुढे उभा राहिलो. हात मागे बांधले. वर्गात बांधतो तसे. आणि मोजायला लागलो.

किती सोपं होतं ते. आवाज खणखणीत लागला. दहा झाले, कुणी थांबलं नाही. काका थांबले असते, पण मी त्यांच्याकडे बघून म्हणालो, "काका, तुम्ही आमचे हिरो, चला!" पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. पंधरा झाले. मला वाटलं, वीस करू. मग वाटलं, तीस हा छान आकडा आहे. उभ्या माणसाला आकडे फार छान दिसतात. एकोणतिसाव्याला काका खाली गेले आणि वर येताना त्यांची मान एका बाजूला कलली. ते टाकीच्या कोपऱ्यावर पडले. आवाज झाला तो मी विसरू शकत नाही.

सगळ्यात आधी त्यांच्यापाशी उस्ताद पोचले. खांद्याला जत्रेची पिशवी तशीच होती, तिच्यातून मुरमुरे सांडले. ते इतक्या लवकर वर कसे आले हा विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही. एवढंच आठवतं की ते धापा टाकत होते. त्यांना दम लागलेला आम्ही पहिल्यांदाच बघत होतो.

काकांचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा बेंगळूरहून आला आणि खाली पार्किंगमध्ये कमिटीची मिटिंग बसली. मुलगा चिडलेला होता आणि त्याचं चुकत नव्हतं. "बहात्तर वर्षांच्या माणसाला तीस बैठका? सांगितल्या कुणी तीस?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, कारण मोजत मी होतो. मला पोलीस दिसले, कॉलेज दिसलं, पेपरात नाव दिसलं. विचार करायला वेळ मिळाला नाही असं म्हणायची सोय नाही. वेळ मिळाला होता. मी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि म्हणालो, "उस्ताद सांगून गेले होते. तीस."

उस्ताद फाटकाच्या बाजूला उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. समोरचा माणूस अजून काहीतरी बोलणार आहे आणि आपण त्याची वाट बघतो आहोत, असं ते पाहणं होतं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. कुणीतरी म्हणालं, "बघा, तोंडातून शब्द नाही." मग त्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि काकांच्या मुलाला म्हणाले, "शिकवणी माझी हुती साहेब. जबाबदारी माझी."

दुसऱ्या दिवशी एजन्सीनं माणूस बदलला. उस्ताद पत्र्याची पेटी आणि वळकटी घेऊन रिक्षात बसत होते. मी दूध आणायला म्हणून खाली आलो होतो. खरं तर ते गेले असतील या हिशेबानं उशिरा आलो होतो. त्यांनी मला पाहिलं आणि म्हणाले, "सर, उठ-बस सोडू नका." बस्स. मी दुधाची पिशवी हातात धरून "हो हो" म्हणालो.

मी सोडली. गच्चीवर परत गेलो नाही. काका सहा महिन्यांनी वॉकर घेऊन चालायला लागले. जिन्यात भेटले की म्हणायचे, "उस्ताद असते ना, तर मला महिन्यात चालवला असता. त्यांना कुणी बोलवत का नाही?" मी घड्याळ बघून, तास आहे म्हणून निघायचो. पुढच्या दिवाळीला बिल्डिंगला रंग दिला, त्यात टाकीच्या भिंतीवरच्या रेघा गेल्या. रंग कुठला द्यायचा हे ठरवणाऱ्या कमिटीत मी होतो.

आणि यंदा विद्यापीठाच्या परीक्षेचं काम मला जतला लागलं. नको म्हणता आलं असतं. म्हटलं नाही, एवढंच माझ्या बाजूनं सांगता येईल. दुसऱ्या दिवशी दुपारचा पेपर नव्हता. तिथल्या शिपायाची मोटरसायकल मागून घेतली आणि विचारत विचारत त्या गावात पोचलो.

घर गावाच्या टोकाला होतं. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, कडेला मेंढरांचा वाडा. पडवीत बाजेवर उस्ताद बसले होते. उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा पडला होता, तोंड एका बाजूला जरासं ओढलेलं होतं. त्यांच्यासमोर दगडी कट्ट्यावर त्यांची सून बसली होती. पदर खोचून ती म्हणाली, "तीन," आणि उठली. समोर बाजेवरून, डाव्या हातानं काठी दाबत, उस्ताद उठले. दोघं परत बसले. तिनं कपाळावरचा घाम पुसला. "चार."

चौथी झाल्यावर मला बघून ती थांबली. उस्तादांनी ओळखलं. "सर," ते म्हणाले, शब्द जड येत होता. "सांगलीचं सर."

सुनेचं नाव लक्ष्मी. नवरा फौजेत, आसामात. तिनं पाणी आणून दिलं आणि सांगितलं, "मामांच्या अंगावरनं वारं गेलं, दीड वरीस झालं. डाक्टर म्हणलं, फिजिओला न्या. जतला रोज कोण नेतंय? मामा म्हणलं, न्यायचं न्हाई कुटं, हितंच करू. सांगत्यात तसं मी करती." मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "सांगलीला मामांचा लय मान हुता म्हणं. बिल्डिंगीतली समदी मानसं शिकायला यायची. मामा लय सांगत्यात."

मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला तो खाली ठेवला नाही.

तेवढ्यात रस्त्यावर टँकरचा हॉर्न वाजला. लक्ष्मीनं दोन घागरी उचलल्या. "सर, तुमी मोजता काय? चार झाल्यात. धा करायच्या. टँकर थांबत न्हाई." आणि ती धावली.

मी बाजेपाशी गेलो आणि म्हणालो, "पाच."

उस्ताद हलले नाहीत. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. जरा मोठ्यानं म्हणालो, "उस्ताद, पाच." ते नुसते माझ्याकडे बघत राहिले. पार्किंगमध्ये बघत होते तसेच. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी उभा आहे. हात मागे बांधून.

मी कट्ट्यावर जाऊन बसलो. "पाच," म्हणालो आणि उठलो. तेही उठले. चार वर्षांत मांड्या अशा झाल्या होत्या की सहाव्याला मी हात टेकला. सातवी झाली, बसलो, आणि आठ म्हणायच्या आधी बोललो.

"उस्ताद, तुम्ही पंधरा सांगितल्या होत्या. मी तीस म्हणालो. मी उभा होतो."

"ठावं हाय."

"कसं?"

ते एकेक शब्द जुळवत बोलत होते. "यष्टीतनं उतरून फाटकात आलो. वरनं आवाज आला. बावीस. तेवीस. आवाज साफ हुता तुमचा. बावीसला आवाज साफ आसतो व्हय? म्हणलं, ह्यो गडी उभा हाय. तसा पळत सुटलो. तीन मजलं." त्यांनी डावा हात उचलला आणि खाली टाकला. "न्हाई पोचलो."

"मग मिटिंगमध्ये बोलला का नाही?"

"तुमाला जागा ठिवली हुती, सर. लय वेळ गप उभा हुतो मी. तुमी बोलाल म्हणून."

मी चार वर्षं ती शांतता आठवत होतो आणि ती त्यांची अडचण आहे असं स्वतःला सांगत होतो. ती माझ्यासाठी सोडलेली जागा होती. मला रडू आलं, पण त्यात मोठेपणा काही नाही. पकडला गेलेला माणूसही रडतो. मी म्हणालो, "मी सगळ्यांना सांगतो. सांगलीला गेल्यावर पहिलं हेच."

"सांगा," उस्ताद म्हणाले. 'नको' म्हणाले नाहीत, 'झालं गेलं' म्हणाले नाहीत. "काकांना आदी सांगा. माझ्या मोजणीत न्हाई पडलं, म्हणा." मग काठी सावरून म्हणाले, "सात झाल्यात. म्होरं."

काकांना जाऊन दोन वर्षं झाली होती. मी ते बोललो नाही. "आठ," म्हणालो, आणि आवाज फुटला. उठताना धाप लागली. उस्तादांनी बाजेवर बसत हात वर केला.

"बास. मोजणाऱ्याचा दम गेला."

"अजून दोन राहिल्या."

"ऱ्हाऊ द्या."

लक्ष्मी भरलेल्या घागरी घेऊन आली, चहा घ्या म्हणाली. मी पेपरची वेळ झाली असं सांगितलं. पेपर नव्हता, ते वर सांगितलंच आहे. रस्त्यावर येऊन मोटरसायकलला किक मारत होतो, ती लागत नव्हती, तेव्हा पडवीतून आवाज आला. लक्ष्मीनं घागरी ठेवून विचारलं असणार, किती झाल्या. मी वळून बघितलं. ती कट्ट्यावर बसली होती. डोक्यावरून पाण्याची खेप आणलेली, श्वास अजून खाली बसला नव्हता. "नऊ," ती धापत म्हणाली आणि दोघं उठले. "धा." दोघं उठले.

मी रस्त्यावर उभाच होतो.